नसेतून रक्त काढता, मग नसांचा रिपोर्ट का येत नाही?

गेली सतरा वर्षं मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये सॅम्पल घेते. सकाळी साडेसहाला शटर वर जातं तेव्हा बाहेर पाच-सहा जण आधीच उभे असतात, बहुतेक सगळे शुगरवाले, उपाशीपोटी, हातात जुनी फाइल आणि पिशवीत पीपीच्या, म्हणजे खाल्ल्यानंतरच्या शुगर टेस्टच्या, आधी खायचा डबा. आणि महिन्यातून दोन-चार वेळा तरी कोणीतरी बाही वर करता करता विचारतंच, "ताई, पायाला मुंग्या येतात हो, रात्री तळव्यांची नुसती आग होते, यातच नसांची पण एक टेस्ट टाका ना."

प्रश्न अगदी रास्त आहे. किडनीसाठी क्रिएटिनीन आहे, लिव्हरसाठी एसजीपीटी आहे, थायरॉइडसाठी टीएसएच आहे, मग डायबिटीसने नसा खराब होतात म्हणतात तर त्यांचा आकडा कुठाय? मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि मागचा माणूस खुर्चीत बसतो, त्यामुळे ते उत्तर नेहमी अर्धवटच राहतं. म्हणून आज सगळं नीट लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, लॅबमधली आहे, पण ट्यूबमध्ये काय दिसतं आणि काय दिसत नाही हे मला चांगलं माहितीय.

अर्धा घोळ तर शब्दातच आहे. मराठीत आपण सगळ्यालाच नस म्हणतो. मी हाताला पट्टा बांधून शोधते ती पण नस, मानेत दबते ती पण नस आणि शुगरने खराब होतात त्या पण नसा. खरं तर मी रक्त काढते ती शीर, तिच्यातून रक्त वाहतं. आणि मुंग्या येतात, बधिर होतात ते मज्जातंतू, त्यांच्यातून रक्त वाहत नाही, त्यांच्यातून निरोप जातात, विजेच्या वायरसारखे. म्हणजे शिरेतून काढलेल्या रक्तात मज्जातंतूंचा काही पत्ता लागायचा तर तो आडूनच लागणार, एकतर त्या तंतूंना जे सोसावं लागतंय ते रक्तात दिसेल, किंवा त्यांना जे मिळत नाहीये ते दिसेल, किंवा ते तुटले तर त्यांचे तुकडे रक्तात वाहत येतील. या तिन्हींवर पुढे येतेच, पण आधी मामाचं सांगते, कारण मला स्वतःला हे सगळं खरं कळलं ते मामामुळे.

मामा वर्तकनगरला राहतो, वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झाला, शुगर चौदा वर्षं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मामीने गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या, दुपारी एकच्या सुमारास वारा सुटला म्हणून मामा वर गेला, प्लॅस्टिकच्या चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, एक टोक फाटलं होतं ते दोरीने बांधलं, पंधरा-वीस मिनिटं असेल वर, आणि अनवाणी. खाली येऊन जेवला, झोपला. संध्याकाळी मामीला लादीवर ओले ठसे दिसले, एकाआड एक, म्हणजे फक्त उजव्या पायाचे, तिला वाटलं बाथरूममधून आला असेल. पुसलं, परत ठसे. मग तिने पाय धरून वर उचलला तर अंगठ्याच्या खाली दहा रुपयाच्या नाण्याएवढा फोड फुटून त्याचं पाणी गळत होतं, आणि बाजूला दोन अजून न फुटलेले. मामा बातम्या बघत होता. मामी म्हणाली, "अहो दुखत नाहीये का?" तर म्हणाला, "काय झालं?"

त्याच्या दोनेक महिने आधी टीएमटीच्या बसमधून उतरून तो फुटपाथवर चढला आणि मागून कंडक्टर ओरडला, काका चप्पल राहिली! एका पायात चप्पल, एका पायात नाही, आणि त्याला पत्ताच नाही. घरी सांगितलं तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. आता विचार केला की पोटात कालवतं, कारण पायातून चप्पल निसटणं आणि न कळणं ही पाय बधिर झाल्याची अगदी ठळक खूण आहे, डॉक्टर मुद्दाम विचारतात ती. आणि त्याच महिन्यात त्याची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, आमच्याच लॅबमध्ये झाली होती, ७.१, मी स्वतः फोन करून सांगितलं होतं, मामा छान आहे रिपोर्ट.

रिपोर्ट खोटा नव्हता. मी त्याला पायांबद्दल विचारलं नव्हतं, एवढंच.

आता हे पायातच आधी का होतं ते बघा. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा जो मज्जातंतू, त्याची मूळ पेशी असते कमरेच्या मणक्यापाशी आणि तिथून एकच सलग धागा पार अंगठ्यापर्यंत जातो, साधारण एक मीटर लांब, आणि जाडीला केसापेक्षा कितीतरी बारीक. त्या टोकाला जे काही लागतं, प्रथिनं, ऊर्जा तयार करणारे कण, त्यातलं बरंचसं तिकडे मणक्यापाशी तयार होऊन एवढ्या लांब पोचवावं लागतं. पाण्याच्या लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या सोसायटीत राहणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही, प्रेशर कमी झालं की पहिला नळ कोणाचा कोरडा पडतो ते त्यांना विचारा. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की तंतूच्या आत ग्लुकोजचं सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात रूपांतर होऊन ते साठत जातं, तंतूंना रक्त पुरवणाऱ्या अगदी बारीक रक्तवाहिन्या आतून जाड होतात, रक्तातली जादा चरबी पण पेशींवर ताण आणते, आणि सगळ्यात लांबचं टोक सगळ्यात आधी मरतं. म्हणून पायाची बोटं, मग तळवे, मग घोट्यापर्यंत, मोजे घातल्यासारखं वर चढत जातं, आणि गुडघ्याच्या आसपास पोचलं की हाताच्या बोटांत सुरू होतं.

त्यातही तंतू दोन तऱ्हेचे. बारीक तंतू गरम-गार आणि वेदना कळवतात, ते बिघडले की आग, सुया टोचल्यासारखं, रात्री चादरीचा स्पर्श पण नको होतो. जाड तंतू कंप कळवतात, पाय नेमका कुठे पडलाय ते कळवतात, ते गेले की माणूस म्हणतो कापसावर चालल्यासारखं वाटतं. आणि सगळ्यात वाईट भाग म्हणजे ज्यांचे तंतू खराब झालेत त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना काहीच जाणवत नाही, ना आग ना मुंग्या, सरळ बधिर. मामा त्यातलाच. ज्याची आग होते तो निदान डॉक्टरकडे जातो तरी.

रक्ताकडे येऊ. पहिली गोष्ट, तंतूंना काय सोसावं लागतंय ते. इथे एचबीएवनसी. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्या दिवसांत तिच्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली त्यावरून मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी कळते. तीन महिन्यांची, चौदा वर्षांची नाही. मामाची एचबीएवनसी मधली पाच-सहा वर्षं नऊ-साडेनऊच्या घरात होती, तेव्हा झालेलं नुकसान आजच्या ७.१ मध्ये कुठे दिसणार? शिवाय आयर्न कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो, थॅलेसेमिया मायनर असेल तरी फसवू शकतो, ते डॉक्टरांना सांगायला हवं.

शुगर कंट्रोल केल्याने मज्जातंतू वाचतात का? टाइप वनमध्ये नक्की वाचतात. अमेरिकेतली डीसीसीटी नावाची मोठी चाचणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात शुगर कडक ठेवणाऱ्यांमध्ये न्यूरोपथीचं, म्हणजे मज्जातंतू खराब होण्याचं, प्रमाण साधारण ६० टक्क्यांनी कमी झालं होतं. पण आपल्याकडे बहुतेक जण टाइप टूचे, आणि टाइप टूमध्ये नुसती शुगर आवळून मिळणारा फायदा बराच कमी दिसतो, कारण तिथे शुगर एकटी नसते, पोटावरची चरबी, ट्रायग्लिसराइड, बीपी, सिगरेट सगळे हात लावतात. मिशिगनच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की ज्यांचं ट्रायग्लिसराइड जास्त त्यांचे मज्जातंतू पुढे जास्त झपाट्याने खराब होत गेले. म्हणून लिपिड प्रोफाइलच्या कागदावर लोक फक्त कोलेस्टेरॉल बघतात आणि ट्रायग्लिसराइड २८० असलं तरी घडी घालून खिशात टाकतात तेव्हा मला राहवत नाही, मी बोट ठेवून दाखवते. काही जणांना तर प्रीडायबिटीसमध्येच, म्हणजे शुगर वाढायला लागलीय पण अजून डायबिटीस झालेला नाही तेव्हाच, पायाची आग सुरू झालेली असते.

एक उलटी गोष्ट पण सांगून ठेवते, कारण फार कमी लोकांना माहीत असते. खूप वाढलेली शुगर एकदम खाली आणली, म्हणजे तीन महिन्यांत एचबीएवनसी दोन-तीन पॉइंटपेक्षा जास्त पडली, तर काहींना पायांत भयंकर वेदना सुरू होतात. औषध चुकलं असं वाटून लोक इन्सुलिनच बंद करतात, तसं करू नका, डॉक्टरांना गाठा.

दुसरी गोष्ट, तंतूंना काय मिळत नाहीये. आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्या रक्ताच्या तपासण्यांमध्ये जिच्यावरून खरंच काही दुरुस्त करता येतं अशी ही, बी१२. मज्जातंतूच्या वायरवर जे वेष्टन असतं ते धड ठेवायला बी१२ लागतं, ते कमी पडलं की हुबेहूब डायबिटीससारख्याच मुंग्या, तसाच बधिरपणा. आणि शुगरवाल्यांना हे दुप्पट लागू, कारण मेटफॉर्मिन. गोळी उत्तम आहे, स्वस्त आहे, जगभर बहुतेकदा पहिली तीच देतात, पण वर्षानुवर्षं घेतली, त्यातून डोस मोठा असला, की आतड्यातून बी१२ शोषलं जाण्यात ती अडथळा आणते. २०२२ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने याबद्दल पुन्हा बजावलं की मेटफॉर्मिन घेणाऱ्याला लक्षणं असतील तर बी१२ तपासा. त्यात आपली माणसं, कोणी आयुष्यभर शाकाहारी, कोणाचं दूध बंद, दही रात्री नको, बी१२ येणार कुठून, ते मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटण यातूनच, भाजी-डाळीत नाही. लिव्हरमध्ये साठा असतो म्हणून दोन-चार वर्षं काही कळत नाही आणि मग एक दिवस कळतं.

बरं, हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणजे बी१२ चांगलं असणार, असं अजिबात नाही. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या चालू असतील तर रक्त ठीक दिसतं आणि मज्जातंतू मात्र आतल्या आत झिजत राहतात. बी१२ च्या रिपोर्टवर बहुतेक ठिकाणी २०० च्या आसपास खालची मर्यादा छापलेली असते, पण २०० ते ३०० मधला आकडा धड हो नाही धड नाही असा असतो, तिथे डॉक्टर कधीकधी होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड करायला सांगतात, पेशींना खरंच बी१२ कमी पडत असेल तर ही दोन्ही वाढतात. होमोसिस्टीनचं सॅम्पल आम्ही बर्फात ठेवतो आणि लगेच मशीनला फिरवतो, कारण ट्यूब नुसती टेबलावर पडून राहिली तरी लाल पेशींमधून होमोसिस्टीन बाहेर येत राहतं आणि आकडा फुगतो. घरून सॅम्पल देणार असाल तर न्यायला येणाऱ्या मुलाकडे आइस पॅक आहे का बघा, विचारायला लाजू नका.

आणि हात जोडून सांगते, नसांच्या ताकदीच्या लाल गोळ्या सुरू करायच्या आधी रक्त द्या, नंतर नाही. केमिस्टकडून आणून महिनाभर खाल्ल्या, दोन इंजेक्शनं पण टोचून घेतली, आणि मग टेस्ट केली की आकडा हजाराच्या वर येतो, कमतरता होती की नव्हती ते कायमचं गूढ. त्या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा बायोटिन पण असतं, ते जास्त असलं तर काही मशीनवरच्या थायरॉइड आणि हार्टच्या टेस्टचे आकडे चुकतात, अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच तसा इशारा दिलाय. बी६ तर मोठ्या डोसमध्ये खूप दिवस घेतलं तर ते स्वतःच मज्जातंतू खराब करतं. म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली तेच गोळीने होतं. काय घेताय ते पाकिटासकट दाखवा.

मामाचं बी१२ त्या फोडानंतर केलं तेव्हा १६८ आलं. चौदा वर्षं मेटफॉर्मिन आणि एकदाही कोणी तपासलं नव्हतं, आमच्याकडे तो दर तीन महिन्यांनी यायचा आणि मी पण कधी म्हटलं नाही की मामा, डॉक्टरांना विचार.

मुंग्या आल्या म्हणजे शुगरनेच आल्या असंही धरून चालू नका. थायरॉइड, किडनी, दारू, काही वेळा रक्तातलं एखादं विचित्र प्रथिन, हे सगळं रक्तात सापडतं आणि त्याचा उपाय वेगळा असतो. आणि एक असं आहे जे नेहमीच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही, ते म्हणजे कुष्ठरोग. तो संपला असं शहरात वाटतं, पण आपल्या ठाणे-पालघर पट्ट्यात अजून पेशंट सापडतात. अंगावर फिकट चट्टा आणि त्या चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर लगेच दाखवा, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि पूर्ण बरं होतं.

आता तिसरी गोष्ट, जी सगळ्यात नवी आणि ज्यामुळे हल्ली "नसांची ब्लड टेस्ट निघालीय" असे मेसेज फिरतात. तिचं नाव न्यूरोफिलामेंट लाइट चेन, छोटं नाव एनएफएल.

नौपाड्यात हल्ली प्रत्येक गल्लीत जुनी बिल्डिंग पाडून रिडेव्हलपमेंट चालू आहे. तुम्ही मेन रोडवर उभे आहात, गल्ली दिसत नाही, पण समोरून डेब्रिजचा ट्रक गेला आणि त्यात वाकडे झालेले गज दिसले तर तुम्हाला कळतं की आत कुठेतरी बिल्डिंग पडली. एनएफएल म्हणजे ते गज. मज्जातंतूच्या लांब धाग्याला आतून उभं धरणारा जो सांगाडा असतो तो न्यूरोफिलामेंटचा, तंतूला इजा झाली की त्याचे बारीक तुकडे बाहेर पडतात आणि त्यातले थोडे रक्तात येतात. किती थोडे, तर पिकोग्रॅममध्ये मोजतात, एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोग्रॅम. साध्या मशीनला ते दिसतच नाहीत, त्यासाठी सिमोआसारखं तंत्र लागतं जे जवळजवळ एकेक रेणू मोजतं, म्हणूनच हे सगळं गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं आहे, आधी हे मोजायला पाठीच्या मणक्यातून पाणी काढावं लागायचं.

डायबिटीसमध्ये याचा काय उपयोग? जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी डायबिटीसचं नुकतंच निदान झालेल्या लोकांचं रक्त तपासलं, २०२३ मध्ये ते छापून आलं, ज्यांच्या मज्जातंतूंचा बिघाड सुरू झालेला होता त्यांचं एनएफएल जास्त होतं आणि तंतूंमधून निरोप जायचा वेग जितका मंद तितकं ते वाढलेलं दिसत होतं. म्हणजे अगदी सुरुवातीला, जेव्हा माणसाला वाटतं मला काय झालंय, तेव्हा सुद्धा रक्तात थोडी चाहूल असते. मला हे वाचून खरंच आनंद झाला होता. भारतात आयसीएमआरच्या २०२३ च्या अंदाजाप्रमाणे १० कोटी १० लाख लोकांना डायबिटीस आहे, प्रत्येकाचे बूट-मोजे काढून पाय तपासायला डॉक्टरांकडे वेळ नसतो हे ओपीडीच्या रांगेत उभा राहिलेला कोणीही सांगेल, एचबीएवनसीच्याच सुईत अजून एक ट्यूब भरली आणि कळलं तर किती पाय वाचतील.

पण डेब्रिजचा ट्रक बघून कोणती बिल्डिंग पडली ते कळत नाही. तीच अडचण इथे. एनएफएल मेंदूच्या तंतूंमध्ये पण असतं, पायाच्या पण. पक्षाघात झाला, डोक्याला मार बसला, अल्झायमर, मल्टिपल स्क्लेरोसिस, कशानेही ते वाढतं. जुन्या वस्तीत कायम थोडं डेब्रिज पडलेलं असतंच, तसं वयाप्रमाणे एनएफएल वाढतच जातं, ३५ वर्षांच्या माणसाला जो आकडा जास्त तो ७० वर्षांच्या माणसाला नॉर्मल असू शकतो. ट्रकच आले नाहीत तर ढीग वाढतो, तसं किडनी नीट काम करत नसेल तर ते रक्तात साठतं, आणि डायबिटीसमध्ये किडनी पण बिघडलेली असते बऱ्याचदा. वजन जास्त असलेल्या माणसात उलट आकडा कमी येतो. त्यामुळे शंभर जणांचे दोन गट केले तर फरक स्पष्ट दिसतो, पण खुर्चीत बसलेल्या एका मामाचा आकडा बघून याचे पाय बधिर आहेत की नाहीत हे सांगता येत नाही, चांगल्या आणि खराब पायांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. अजून डायबिटीसच्या पायांसाठी अमुक आकड्याच्या वर म्हणजे न्यूरोपथी अशी सर्वमान्य रेषा नाही. म्हणून कोणी आज तुम्हाला नसांची टेस्ट म्हणून पॅकेज देत असेल तर त्यात नेमकं काय आहे ते ओळ ओळ वाचा, मी पाहिलेल्या अशा पॅकेजमध्ये बी१२, डी, फोलेट, थायरॉइड, शुगर एवढंच होतं. टेस्ट चांगल्या आहेत, पण त्या नसांचा रिपोर्ट नाहीत, आणि "सगळं नॉर्मल" वाचून माणूस पायाकडे बघायचं सोडतो हे मला फार लागतं.

एनएफएल फुकट मात्र जाणार नाही. एएलएस नावाच्या, स्नायू निकामी करणाऱ्या आजाराच्या एका आनुवंशिक प्रकारासाठी टोफर्सेन नावाचं औषध अमेरिकेने २०२३ मध्ये मंजूर केलं ते मुख्यतः रक्तातलं एनएफएल कमी झालं या आधारावर. आपल्याकडे पायाच्या आगीसाठी प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन देतात, ती वेदना कमी करतात, तंतू दुरुस्त करत नाहीत. दुरुस्त करणारं औषध शोधायचं तर ते काम करतंय की नाही हे कळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, कारण तुटलेला तंतू पुन्हा वाढला तरी दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. तिथे काही महिन्यांत खाली येणारा रक्तातला आकडा हाताशी असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

अजून काही नावं ऐकाल. एनएसई म्हणून एक एन्झाइम आहे, ते मज्जापेशींत असतं, पण लाल पेशींत पण असतं, म्हणजे माझ्या हातून सॅम्पल जरा हिमोलाइज झालं, म्हणजे लाल पेशी फुटल्या, सुई नीट नाही लागली, ट्यूब जोरात हलवली, की आकडा वर. सीआरपी, इंटरल्युकिन सिक्स हे शरीरातली सूज दाखवतात, न्यूरोपथीत वाढलेले दिसतात खरे, पण दाढ सुजली तरी वाढतात.

मग पाय खराब झालेत का हे कळतं कशाने? पाय बघून. मामाच्या फॅमिली डॉक्टरांनी फोड बघितल्यावर ड्रॉवरमधून नायलॉनचा एक दोरा लावलेली दांडी काढली, मोनोफिलामेंट म्हणतात, तो दोरा तळव्याला टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो, डोळे मिटून तो कळला पाहिजे. मग १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवला, थरथर कळते का. काही ठिकाणी बायोथेसिओमीटर असतं, बटण फिरवत कंप वाढवत नेतात आणि व्होल्टमध्ये आकडा येतो, २५ च्या वर गेला तर पायाला जखम व्हायचा धोका जास्त. एनसीव्ही, म्हणजे तंतूंमधून निरोप किती वेगाने जातो ते मोजणारी टेस्ट, फक्त जाड तंतूंचं सांगते, बारीक तंतूंसाठी घोट्याच्या वरून ३ मिलिमीटर कातडीचा तुकडा काढून तपासतात, ते क्वचितच लागतं. टाइप टूवाल्याने निदान झालं त्या दिवसापासून वर्षातून एकदा हे पाय तपासून घ्यायचे असतात, दुखत असो नसो. डॉक्टरांनी आपणहून नाही केलं तर चप्पल काढून पाय पुढे करा.

आणि घरी करता येईल अशी एक आहे, इंग्लंडमध्ये इप्स्विचच्या हॉस्पिटलमधून आलेली, तिला काही सामान लागत नाही. माणसाला आडवं करून डोळे मिटायला सांगायचे, तर्जनीचं टोक पायाच्या बोटाच्या टोकाला एक-दोन सेकंद हलकंच टेकवायचं, दाबायचं नाही, घासायचं नाही, कळलं नाही म्हणून परत लावायचं नाही. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं, करंगळ्या, अशी सहा. कळलं की त्याने डावा किंवा उजवा म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त चुकली तर डॉक्टर.

मामाची मी केली तेव्हा मी उजव्या अंगठ्याला बोट लावलं, दोन सेकंद थांबले, काढलं, डाव्या करंगळीला लावलं, काढलं. मामा डोळे मिटून पडलेला, चेहरा अगदी शांत, थोड्या वेळाने म्हणाला, "अगं, सुरू कर ना." सहापैकी दोन कळली.

जखम भरायला पाच आठवडे लागले, बी१२ ची इंजेक्शनं झाली, हाताच्या बोटांत ज्या मुंग्या यायच्या आणि ज्या तो आम्हाला कधी सांगतच नव्हता त्या गेल्या, तळवे मात्र तसेच आहेत. गच्चीच्या दाराला मामीने खिळा ठोकून मागे पट्टा असलेली सँडल लटकवली आहे, आणि रोज रात्री ती हातातला आरसा धरून त्याचे तळवे बघते, भेगा, कुरूप, बोटांच्या मधली जागा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवणं झाली की तीच बोटं लावते आणि आकडा कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात पेनाने लिहिते, दुधाच्या हिशेबाच्या खाली. २. २. ३. २. परवा मी गेले होते तेव्हा मामीचा हात अजून हवेतच होता आणि मामा म्हणाला, "डावा."